तीच यादी घाल, गो ताय

लग्नपत्रिकेत सगळ्यांत कमी वाचलं जातं ते नवरा-नवरीचं नाव. ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. मुहूर्त लोक एकमेकांना विचारून घेतात, आणि पंगत कधी बसणार हे तर पत्रिकेत न लिहिताही बरोबर कळतं. वाचली जाते ती खालची यादी. निमंत्रक कोण, व्यवस्थापक कोण, कोणाचं नाव वर गेलं, कोणाचं खाली आलं, कोणाचं राहिलं. शहापुरात एस.टी. स्टँडच्या मागे पंधरा वर्षं मी मराठी टायपिंग आणि डीटीपीचं दुकान चालवलं. त्या यादीपायी मी जितकी बोलणी खाल्ली, तितकी सासरीही खाल्ली नाहीत.

डीटीपी म्हणजे नक्की काय, हे माझ्या नणंदेला अजून कळलेलं नाही, तेव्हा सांगून टाकते. गिऱ्हाईक हातानं लिहिलेला कागद आणतं. मी तो मजकूर कॉम्प्युटरवर टाइप करते, अक्षरं लहान-मोठी करते, गणपती आणि कलश जागच्या जागी बसवते आणि बटर पेपर नावाच्या पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदावर त्याचा प्रिंट काढून देते. त्यावरून पुढे छापणारा स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, बनवतो आणि पत्रिका छापतो. म्हणजे छपाई त्याची आणि चुका माझ्या, असा हा धंदा.

तरी धंद्याचा मला अभिमान होता आणि तो बोटांत होता. चाळीस शब्दांची मराठी टायपिंगची परीक्षा मी टाइपरायटरवर पहिल्या फटक्यात पास झाले होते. पुढे चौऱ्याण्णव-पंचाण्णवच्या सुमारास कॉम्प्युटर घेतला, तेव्हा मराठीचं सॉफ्टवेअर असं मिळालं की टाइपरायटरवर जी कळ जिथे, तीच कळ इथेही तिथे. त्यामुळे मी गिऱ्हाइकाशी भांडता भांडता टाइप करायची. डोळे त्याच्याकडे, तोंड चालू, बोटं आपली कामात. लोक बघायला थांबायचे.

आमच्याकडे पत्रिकेतल्या यादीला नियम आहेत आणि ते कुठेही लिहिलेले नाहीत. ज्याच्या दारात मांडव, त्याचं नाव आधी. मग पिढीनं मोठे, मग वयानं मोठे. मग कोणी सरपंच झालेला असतो, कोणी नोकरीपायी कल्याणला गेलेला असतो पण मान सोडून गेलेला नसतो. एक नाव एक ओळ खाली गेलं तर ती सगळी शाखा लग्नाला येत नाही. एखाद्या घराची यादी एकदा भांडून-तंडून पक्की झाली की मी ती कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवायची. पुढचं लग्न निघालं की घरातलं माणूस दारातूनच सांगायचं, "तीच यादी घाल, गो ताय," आणि चहाला निघून जायचं. अशा साठ-पासष्ट घरांच्या याद्या माझ्याकडे होत्या. शहापूर आणि मुरबाड मिळून कुणाचं कुणाशी पटतं, हे माझ्याइतकं पोलीस पाटलांनाही ठाऊक नव्हतं.

टोकावड्याकडच्या एका काकांनी व्यवस्थापकांमध्ये स्वतःच्या बैलजोडीची नावं घालायला लावली होती. मी म्हटलं, "अहो काका, बैल काय व्यवस्था बघणार?"

"मांडवाचे बांबू कोनी आनले? पान्याची पिंपं कोनी वढली?" ते म्हणाले. "आता भाच्यांनी काय केलंन, ते तू सांग."

मी मुकाट्यानं भाच्यांच्या वर बैल घातले.

आता हरीभाऊंचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. हरीभाऊ म्हणजे किन्हवलीच्या पुढच्या एका गावचे शेतकरी. भात निघालं की कालव्यावर रोजंदारीला जायचे. त्यांना दोन चुलतभाऊ, रघुनाथ आणि काशिनाथ. दोघेही हरीभाऊंपेक्षा मोठे आणि दोघेही एकाच पावसाळ्यात जन्मलेले. त्यात आधी कोण, यावरून दोघांचं वाकडं. आया केव्हाच वारलेल्या. शाळेच्या दाखल्यावर बघावं, तर दोघांचीही जन्मतारीख एक जून. त्या काळी गुरुजी गावातली सगळीच पोरं एक जूनला जन्माला घालत. एका लग्नात काशिनाथचं नाव खाली आलं, तर तो घरदार घेऊन घरी बसला. पुढच्या लग्नात रघुनाथचं खाली आलं, तर त्यानं तेच केलं. आपापल्या मुलांच्या लग्नात प्रश्न नव्हता, ज्याचा मांडव त्याचं नाव आधी. भांडण व्हायचं ते तिसऱ्याच्या दारात.

आणि आता तो तिसरा हरीभाऊ होते. थोरल्या मुलीचं, शोभाचं, लग्न ठरलं होतं. ते दुकानातल्या बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "ताय, मला पोरगे नायत. दोनच पोरी. मांडवात मला दोघंबी पायजेत. तू काय बी कर."

मी दोन्ही नावं एका ओळीत शेजारी शेजारी बसवून दाखवली. हरीभाऊंनी मान हलवली. "डावीकडचं आधी वाचतान."

ते खरंच होतं. मी जरा विचार केला आणि मला जे सुचलं, त्याचा आनंद मला अजून होतो. म्हटलं, हरीभाऊ, आपण दोन पत्रिका करू. एकीत रघुनाथ आधी, दुसरीत काशिनाथ आधी. बाकी काना-मात्रा सगळं सारखं. रघुनाथच्या गोतावळ्यात पहिली वाटा, काशिनाथच्या गोतावळ्यात दुसरी. एका घरात एकच पत्रिका जाते आणि दोन घरं पत्रिका शेजारी ठेवून कधी वाचत नाहीत.

हरीभाऊ हळूच म्हणाले, "पाप तर नाय ना लागनार?"

"लागलं तर मला लागेल," मी म्हटलं.

छापणाऱ्याला मी सांगितलं की पहिल्या स्क्रीनमध्ये चूक राहिली, आता दुसरी कर. बिचाऱ्यानं केली. शोभाच्या लग्नाला रघुनाथकाका आले, पानसुपारीच्या तबकापाशी पाहुण्यांच्या स्वागताला बसले. काशिनाथकाका आले, ते तर पंगतीत वाढपी झाले. नंतर हरीभाऊ दुकानात येऊन पेढे देऊन गेले आणि दोन बोटं दाखवून हसले. नमुना म्हणून मी प्रत्येक पत्रिकेची एक प्रत अल्बमला लावायची, पण या घराची लावली नाही. कॉम्प्युटरमध्ये मात्र दोन्ही फायली शेजारी शेजारी होत्या.

पुढे सात वर्षांनी माझा कॉम्प्युटर बदलायची वेळ आली.

बदलायची म्हणजे लोकांच्या मते. माझ्या मते तो उत्तम चालत होता. चालू केल्यावर माझा चहा होईपर्यंत उघडायचा नाही, एवढंच. पण रंगीत पत्रिका कल्याणला छापायला जाऊ लागल्या होत्या आणि तिथला छापखाना म्हणायला लागला की तुमच्या फायली आमच्याकडे उघडत नाहीत, नवी सिस्टीम घ्या. सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटर ज्याच्या हुकमावर चालतो ती मूळ गोष्ट. ती बदलली की वरचं सगळं बदलतं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. मी तीन वर्षं टाळत आले होते. मग कल्याणहून अविनाश नावाचे दुरुस्तीवाले गृहस्थ आले. चांगले बायका-मुलांचे, कपाळाला गंध लावणारे. म्हणाले, "ताई, दोन तासांचं काम आहे."

तेव्हापासून कुणी दोन तास म्हटलं की मी डबा मागवते.

सकाळी दहाला ते जे बसले, ते दिवेलागणीला उठले. जुनं खोकं बदल्यात घेऊन गेले, नवं ठेवून गेले. पडद्यावर हिरवीगार टेकडी आणि निळं आभाळ आलं. "बघा, किती छान," अविनाश म्हणाले. दुकानाचं मागचं दार उघडलं की मला माहुलीचा अख्खा डोंगर दिसतो. टेकडी बघायला मला कॉम्प्युटर कशाला हवा होता? पण म्हटलं, असो, नव्या नवरीला पहिल्याच दिवशी काय बोलायचं.

दुसऱ्या दिवशी नवरीनं गुण दाखवले. प्रिंटरची आणि तिची ओळखच नव्हती. मराठीच्या सॉफ्टवेअरबरोबर किल्लीसारखा एक खडा मिळायचा, तो कॉम्प्युटरच्या पाठीत खोचला तरच मराठी चालायचं. तो खडा बसवायला नव्या खोक्याला भोकच नव्हतं. अविनाश पुन्हा आले आणि मराठीचं नवं सॉफ्टवेअर घालून गेले. मग मी पहिली जुनी यादी उघडली.

पडद्यावर चौकोन. मध्येच इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, पुन्हा चौकोन. दुसरी उघडली, तेच. तिसरी, तेच. साठ-पासष्ट घरांचे सगळे आजे, चुलते, मामे त्या चौकोनांत बसले होते आणि एकही ओळखू येत नव्हता. टोकावड्याचे बैलही गेले. फ्लॉपीवर वेगळ्या प्रती ठेवण्याइतकी मी शहाणी होते, पण त्या उघडल्या तर तिथेही चौकोनच निघाले. अविनाशना फोन केला आणि म्हटलं, माझं जुनं खोकं परत आणून द्या. ते म्हणाले, "ताई, ते तर सुटं करून विकलं."

याद्या एक वेळ पुन्हा टाइप करता आल्या असत्या. पण नव्या सॉफ्टवेअरनं कळाही हलवल्या होत्या. 'श्री' म्हणून बोट दाबावं, तर भलतंच काही उमटायचं. चाळीसच्या स्पीडची मी, एक 'सौ.' लिहायला नाक कीबोर्डला लावून बसले. कंपनीला फोन केला, तर तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, टाइपरायटरची मांडणी पुढच्या आवृत्तीत येणार आहे. मी फोन ठेवला, कीबोर्ड पालथा घातला आणि मागच्या दारात जाऊन माहुलीकडे बघत चहा प्यायले. रडले नाही म्हणणं खोटं होईल. पंधरा-सोळा वर्षं बोटांनी कमावलेलं एका दिवसात कोणी काढून नेलं की रडूच येतं.

आणि समोर लगीनसराई. मग मी दारावर कागद चिकटवला: यादी हवी असल्यास घरातली जुनी पत्रिका आणावी.

लोकांनी आणल्या. हळदीच्या बोटांच्या, वाळवीनं अर्ध्या खाल्लेल्या, देवाच्या फोटोमागून काढलेल्या. एक जण पत्रिका आतून चिकटवलेलं ट्रंकेचं झाकणच उचकटून घेऊन आला. भातसानगरच्या वसाहतीतले एक कारकूनसाहेब दर वर्षी बदलीचा अर्ज तारीख बदलून छापून न्यायचे. त्यांचाही अर्ज चौकोनांत गेला होता. मी म्हटलं, साहेब, पुन्हा सांगा, टाइप करते. ते बाकावर बसले आणि बदली कशासाठी हवी होती हेच त्यांना आठवेना. मुलं इथल्या शाळेत रुळली होती, बायकोनं अंगणात भाजी लावली होती. पाच मिनिटांनी म्हणाले, "राहू द्या." नव्या सिस्टीमनं कोणाचं भलं केलं असेल, तर पहिलं त्यांचं.

त्याच आठवड्यात वनिता आली. हरीभाऊंची धाकटी मुलगी, डोळखांबकडे अंगणवाडीत शिकवणारी. हरीभाऊ दोन वर्षांपूर्वी गेले होते. मुलगी स्वतःच्या लग्नाची पत्रिका घालायला आलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"ताई, तीच यादी घाला, शोभाताईच्या वेळची," ती म्हणाली. "बाबा नायत. कन्यादानाला, पाठराखणीला, कशालाच माणूस नाय आमच्या घरात. मला दोन्ही काका पायजेत मांडवात. त्या लग्नाला दोघं आले होते, म्हणजे ती यादी बरोबर होती."

तिला काय सांगणार? हरीभाऊ तिला बोलले नव्हते हे उघड होतं. मी म्हटलं, घरातली जुनी पत्रिका तेवढी घेऊन ये, मग मी सगळं बरोबर करते. मनात म्हटलं, हरीभाऊ, काळजी नको, पुन्हा दोन काढते.

पण हरीभाऊंच्या घरातली पत्रिका कौलं गळून ट्रंकेत भिजून गेली होती. मग त्या गुणी पोरीनं काय करावं? जुनी पत्रिका कोणाकडे आहे, असं तिनं दोन्ही काकांना विचारलं. दोघंही म्हणाले, माझ्याकडे आहे. आणि शनिवारी भर दुपारी दोघेही तिच्याबरोबर माझ्या दुकानात हजर झाले. रघुनाथकाकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पत्रिका काढली. काशिनाथकाकांनी पोथीच्या फडक्यातून काढली. दोघांनी ती सात वर्षं का जपली, हे मला एकटीलाच ठाऊक होतं.

"एक पुरे," मी घाईनं म्हटलं आणि रघुनाथकाकांची ओढून घेतली. "वनिता, तू वाच, मी टाइप करते. काका, तुम्ही ती ठेवा आत."

पण काशिनाथकाकांनी चष्मा लावला होता आणि आपल्या पत्रिकेवर बोट ठेवलं होतं. मुलगी नीट वाचते की नाही, ते बघायला.

"श्री. रघुनाथ," वनितानं वाचलं.

"वरसून वाच गो," काशिनाथकाका म्हणाले. "पयलं नाव सोडलंस."

"नाय काका, पहिलंच वाचते."

"पयलं माजं हाये."

वनितानं त्यांच्या हातातली पत्रिका घेतली आणि दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. आधी ती वाकली, मग रघुनाथकाका वाकले. तोच गणपती, तोच कलश, तोच मुहूर्त.

रघुनाथकाकांनी मान वर केली. "ताय, ह्यातली खोटी कंची?"

खोटं बोलायला वेळच नव्हता. "दोन्ही खऱ्या," मी म्हटलं. "मीच केल्या. हरीभाऊंना तुम्ही दोघंही हवे होतात. पाप लागायचं ते मला लागेल, असं मी त्यांना सांगितलंय." आणि मग टोपी मांडीवर घेऊन बसलेले हरीभाऊ जसे होते तसे सगळे सांगून टाकले. वनिता तोंडाला ओढणी लावून ऐकत होती. मी मनात तिची माफी मागत होते. तिच्या लग्नाचा मांडव मी माझ्या हातानं मोडला होता आणि तोही कॉम्प्युटर बदलण्याच्या पायी.

काशिनाथकाका खुर्चीत बसले. "म्हंजे रघू," ते सावकाश म्हणाले, "तुला वाटत व्हतं, तुजं नाव वर हाये?"

"सगळीकडं. मला वाटत व्हतं, काशीचं खाली घातलंन, तरी हा आला. आला तो आला, पंगतीत वाढाया उभा ऱ्हायला. म्हनलं, काशी मोठा मानूस झाला. म्हून तुज्या पोराच्या लग्नाला मी बोलवन्याची वाट नाय बघितली."

"मीबी तेच समजत व्हतो. म्हनलं, रघू नाव खाली घेऊन पानसुपारीला बसलाय, आता आपुन काय ताठायचं?"

"म्हून मी दवाखान्यात व्हतो तवा आठ दिस बसलास?"

"म्हून बसलो."

आणि मग काशिनाथकाकांचं पोट हलायला लागलं. हसू बाहेर यायच्या आधी त्यांचं सगळं अंग हलत होतं. "हऱ्यानं बनवलंन रं आपल्याला," ते म्हणाले. "सगळ्यांत बारकं ते, आन् दोघांना बनवून गेलं." रघुनाथकाकाही हसायला लागले आणि हसता हसता उपरण्यानं डोळे पुसायला लागले. वनिता तर रडतच होती. मी सगळ्यांना चहा सांगितला.

चहानंतर नवंच भांडण निघालं. रघुनाथकाका म्हणाले, काशीचं वर घाल. काशिनाथकाका म्हणाले, छट्, रघूचं. दोघांचे आवाज चढायला लागले. मी म्हटलं, देवा, सुलटं भांडण परवडलं.

"पहिलं नाव आयेचं घाला," वनिता म्हणाली.

दोन्ही काकांचं भांडण तिथेच थांबलं. बाहेरच्या माणसाला यात काय विशेष, असं वाटेल. पण आमच्याकडे निमंत्रकांच्या यादीत बायका नसतात आणि विधवा बाई तर मुळीच नसते. ती लग्नाच्या दिवशीही मागच्या पडवीत असते. बाप गेलेल्या मुलीच्या पत्रिकेत 'कै. अमुक यांची कन्या' एवढं येतं आणि निमंत्रण चुलते करतात. त्यात हरीभाऊंना मुलगा नाही. धाकटी सासरी गेली की ते घर सगळ्याच याद्यांतून पुसलं जाणार, हे मी टाइप करणारी म्हणून सांगू शकत होते. अशी घरं मी स्वतः याद्यांतून काढली होती. नाव पुसायची कळ दाबताना मला कधी काही वाटलंही नव्हतं. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

रघुनाथकाका दोन्ही पत्रिकांकडे बघत होते. ते म्हणाले, "मांडव कोनाच्या दारात हाये?"

"आयेच्या," वनिता म्हणाली.

"ज्याच्या दारात मांडव, त्याचं नाव आधी. रिवाजच हाये आपला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घाल गो, ताय. हऱ्याच्या सखूचं घाल. आमची खाली कशीबी घाल."

मी टाइप करायला बसले. एकेक कळ शोधत होते. 'श्रीमती' पूर्ण व्हायलाच किती वेळ लागला. दोन्ही काका माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते.

"गो ताय, यवढ्यात पायलीभर भाताचा तुकडा लावून झाला असता," काशिनाथकाका म्हणाले.

"नवीन सिस्टीम आहे," मी म्हटलं. पहिल्यांदाच ते म्हणताना मला राग आला नाही. 'श्रीमती सखूबाई हरी' ही त्या यादीची पहिली ओळ झाली. खाली कोणाचं आधी घातलं ते मी इथे लिहिणार नाही. दोघांनीही बघितलं आणि दोघंही काही बोलले नाहीत. पत्रिका या वेळी एकच छापली.

लग्नाला मी गेले होते. रघुनाथकाका पानसुपारीला, काशिनाथकाका वाढायला, तसेच. सखूबाई मागच्या पडवीतच जाऊन बसल्या होत्या, पण दोन्ही दीर जाऊन त्यांना पुढे मांडवात घेऊन आले. पत्रिकेत तुमचं नाव आहे, पाहुणे विचारतात, असं सांगून. गावात थोडी कुजबूज झाली. जेवण चांगलं असलं की कुजबूज टिकत नाही.

पंधरा दिवसांनी सखूबाई दुकानात आल्या. पिशवीत घरचे वाल होते. त्यांना वाचता येत नव्हतं. "माजं नाव त्या मशिनीत हाये म्हन्तान," त्या म्हणाल्या. "दाव मला."

मी फाईल उघडून ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी पडद्याजवळ वाकून पाहिलं.

"लायट गेली का जातंय?"

"नाही. आत साठवलेलं असतं."

"आन् मशीन बदललंस म्हंजे? वनी सांगत व्हती, तू मशीन बदललंस, न् समद्यांची नावं गेली."

मी म्हटलं, "वहिनी, मशीन बदललं तर सगळ्यांत आधी तुमचंच नाव टाइप करीन."

"मंग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या आणि वाल काउंटरवर ठेवून गेल्या.

दुकान बंद करेपर्यंत मी आणखी दोनदा सिस्टीम बदलली. दोन्ही वेळा दोन तास सांगितले आणि दिवस गेला. दोन्ही वेळा कशाची तरी ओळख पटली नाही, काहीतरी चौकोनांत गेलं, मी कोणाला तरी फोनवर बोलले आणि मागच्या दारात जाऊन चहा प्यायले. दरम्यान बोटं नव्या मांडणीला सरावली. पुन्हा डोळे गिऱ्हाइकाकडे, तोंड चालू आणि बोटं कामात.

सिस्टीम बसली की दुरुस्तीवाले म्हणतात, "ताई, काहीतरी टाइप करून बघा." लोक अशा वेळी देवाचं नाव टाइप करतात. मी एक ओळ टाइप करायची: श्रीमती सखूबाई हरी. ती नीट उमटली, सगळी अक्षरं जागच्या जागी आली, की म्हणायची, चालतंय, ठेवा. मग बाकीच्या याद्या.